शनिवारचा कौल

तुम्ही ऑगस्टात एम.एस. करायला अमेरिकेत आलात, पहिल्याच आठवड्यात विद्यापीठानं टी-शर्ट वाटले आणि फुकट मिळतोय म्हणून तुम्ही तो अंगात घातलात. झालं! आता डिसेंबरपर्यंतचा एकही शनिवार तुमचा नाही. शनीची साडेसाती निदान साडेसात वर्षांनी उतरते. अमेरिकन कॉलेज फुटबॉलची एकदा लागली की डिग्री संपते, व्हिसा बदलतो, घराचे हप्ते सुरू होतात, ती मात्र हलत नाही. मला लागून बरीच वर्षं झाली. कुठल्या संघाची ते विचारू नका, सांगितलं तर निम्मे वाचक इथेच उठून जातील. तेव्हा जुन्या रुग्णानं नव्या रुग्णाला सांगावीत तशी काही पथ्यं सांगतो.

खेळाचे नियम शिकत बसू नका. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढं कळलं तरी पुरे. खरा खेळ सुरू होतो तो रेफरी कडेला जाऊन कानाला हेडसेट लावतो तेव्हा. वर बूथमध्ये आणि दूर कुठल्याशा कंट्रोल रूममध्ये (साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाची अलाबामातल्या बर्मिंगहॅमला आहे) काही माणसं मैदानावरचा निर्णय बरोबर की चूक हे रिप्लेत तपासायला पडद्याला डोळे लावून बसलेली असतात. स्टेडियममध्ये लाखभर माणसं श्वास रोखून उभी असतात. आणि तुमच्या टीव्हीवर तेवढ्यात पिकअप ट्रकची जाहिरात लागते.

मी तळकोकणातला. हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाषाणावर पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्या गावानं बघत बसायचं: उजवी पडते की डावी. रिप्ले म्हणजे तोच प्रकार, फक्त गुरवाच्या अंगात काळे-पांढरे पट्टे. 'कन्फर्म्ड' म्हणजे उजवा कौल. 'ओव्हरटर्न्ड' म्हणजे डावा. आणि 'स्टँड्स' म्हणजे पाकळी हललीच नाही, मग गुरव आधी जे बोलून गेला तेच खरं. क्रिकेटमधल्या 'अंपायर्स कॉल'चा हा सख्खा भाऊ. नियमात म्हटलंय की निर्णय फिरवायला 'निर्विवाद' चित्र-पुरावा हवा. निर्विवाद! ज्या देशात बर्फ पडतोय की नाही यावरही दोन पक्ष पडतात, तिथे.

पहिलं पथ्य संयमाचं. ३१ ऑक्टोबर २०१५ ला डरहॅममध्ये ड्यूक विद्यापीठ मायामीवर २७-२४ नं पुढे होतं आणि घड्याळात सहा सेकंद उरले होते. मायामीच्या पोरांनी किकऑफ पकडला आणि लंगडी-पळती खेळावी तसा चेंडू मागे फेकत, एकाकडून दुसऱ्याकडे, आठ वेळा हात बदलत शेवटी टचडाउनपर्यंत, म्हणजे समोरच्यांच्या गोल-रेषेपार, नेला. मग रिव्ह्यू. नऊ मिनिटं. नऊ मिनिटांत कुकरच्या चार शिट्ट्या होतात आणि डाळ शिजते. माझे बाबा त्या वेळी कुडाळहून व्हिडिओ कॉलवर होते, तिकडे रविवारची सकाळ होती. त्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मी फोन टीव्हीसमोर धरला होता. रिप्ले एकदाच बघून, चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "अरे, गुडघो टेकलो मां तेचो!" टेकला होता खरा, आणि चेंडू हातात असताना गुडघा टेकला की खेळ तिथेच संपतो. नऊ मिनिटांनी कौल आला: टचडाउन. मायामी ३०-२७ नं जिंकलं. दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्सनं चुका कबूल केल्या आणि मैदानावरच्या पंचांसह रिप्लेवाल्यांनाही दोन सामन्यांसाठी निलंबित केलं. निकाल? तो तसाच. बाबांना कोणी बोलावलं नाही.

इथून पुढचं पथ्य आपोआप निघतं: रविवारी सकाळी येणाऱ्या माफीची सवय लावून घ्या. शनिवारी कौल आणि रविवारी किंवा सोमवारी पत्रक, असा या धर्माचा आठवडा आहे. याचा पायंडा फार लवकर पडला. सगळीकडे रिप्ले लागू झाला तो २००६ च्या मोसमात, आणि १६ सप्टेंबरलाच ऑरेगनच्या युजीन शहरात देवानं प्रचिती दिली. ओक्लाहोमा पुढे होतं, ऑरेगननं छोटी ऑनसाइड किक मारली, म्हणजे चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारतात ती. चेंडू दहा यार्ड जायच्या आधीच, म्हणजे परवानगी नसताना, ऑरेगनच्याच खेळाडूनं तो शिवला. वर कडी म्हणजे त्या ढिगातून चेंडू हातात घेऊन बाहेर आला तो ओक्लाहोमाचा गडी. पंच म्हणाले, चेंडू ऑरेगनचा. रिप्ले म्हणाला, बरोबर. ऑरेगन ३४-३३ नं जिंकलं. पॅक-१० कॉन्फरन्सनं माफी मागितली, पंचांना एका सामन्यासाठी घरी बसवलं. ओक्लाहोमाच्या अध्यक्षांनी सामनाच नोंदीतून पुसून टाका म्हणून पत्र लिहिलं. पुसला गेला नाही. बूथमधल्या त्या रिप्ले अधिकाऱ्याला मात्र फोनवरून जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. एरवी थट्टा करता येते, पण हे वाचून माझंही तोंड जरा कडू होतं. त्या आठवड्यात मी पण चार जणांत बसून त्या माणसाबद्दल बरंच काही बोललो होतो, आणि ओक्लाहोमाशी माझं काही देणंघेणंसुद्धा नव्हतं.

असो. आता सगळ्यात महत्त्वाचं: मोजणी.

शेतीच्या बांधावरून भाऊबंदकी पाहिलेल्या मराठी माणसाला हा भाग शिकवावा लागत नाही. इथेही मैदानात साखळी घेऊन माणसं येतात, अगदी मोजणी खात्यासारखी. फरक इतकाच की आपल्याकडे मोजणीदार तारीख देऊन येत नाही आणि इथे तो न बोलावता येतो. गंमत अशी की वीस-बावीस धिप्पाड पोरांच्या ढिगाऱ्याखाली चेंडू नेमका कुठे होता हे पंच लांबून धावत येऊन नुसत्या नजरेनं ठरवतो (याला 'स्पॉट' म्हणतात). एकदा तो अंदाज ठरला की मग तो अंदाज साखळीनं इंचापर्यंत अचूक मोजायचा. याला विज्ञान म्हणतात.

२६ नोव्हेंबर २०१६, कोलंबस. मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट, दुसरा जादा वेळ, चौथा प्रयत्न आणि एक यार्ड हवं. ओहायोचा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट घुसला आणि आपल्याच गड्याच्या पाठीवर जाऊन आदळला. पोहोचला की नाही? पंच म्हणाले पोहोचला. रिप्ले म्हणाला 'स्टँड्स'. पुढच्याच खेळीत ओहायोचा टचडाउन, ३०-२७, खेळ खलास. मिशिगनचा प्रशिक्षक जिम हार्बॉ पत्रकारांसमोर बोटांत अंतर दाखवून बसला, इतकं कमी पडलं होतं म्हणून. बिग टेन कॉन्फरन्सनं त्याला समज दिली आणि विद्यापीठाला १०,००० डॉलर दंड केला. दोन बोटांतल्या फटीचा हा भाव पुण्यात कोथरूडलासुद्धा नाही.

आणि ही दोन राज्यं काही फुटबॉलपासून भांडत नाहीत. १८३५ मध्ये टोलेडो गावाच्या पट्ट्यावरून दोघांनी खरोखर सशस्त्र माणसं सरहद्दीवर जमवली होती. पट्टा शेवटी ओहायोला गेला. बेळगावचा कोणी वाचत असेल तर त्याला मी काय समजावणार. तुम्हाला सल्ला एवढाच की त्या भागात नोकरी लागली तर ऑफिसात 'स्पॉट' हा शब्द उच्चारू नका, पार्किंगच्या संदर्भातसुद्धा.

झेल म्हणजे काय, हेही विचारू नका. २८ डिसेंबर २०१९ च्या फिएस्टा बोलमध्ये, राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य सामन्यात, क्लेमसनच्या खेळाडूनं चेंडू घेतला, ओहायो स्टेटच्या गड्यानं तो हिसकला आणि दुसऱ्यानं उचलून टचडाउन केला. मैदानावर तसाच निर्णय झाला. रिप्लेनं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि सांगितलं की मुळात झेलच नव्हता, म्हणजे टचडाउनही नाही. क्लेमसन २९-२३ नं जिंकलं. ओहायोवाले अजूनही लग्नकार्यात भेटले तर त्या खेळाडूची पावलं मोजून दाखवतात. सप्तपदीला चार कमी पडली असतील, पण पावलं होती, असं त्यांचं म्हणणं. (मिशिगनवाले हे ऐकताना चेहरा किती सुतकी ठेवतात ते जरूर बघा.)

वशिल्यावर विश्वास असू द्या. आपल्याला वाटतं, 'साहेबांचा फोन आला होता' हे फक्त तहसील कचेरीत चालतं. २०१८ मध्ये वॉशिंग्टन स्टेट आणि सदर्न कॅलिफोर्नियाचा सामना चालू होता. डोक्यावर आदळून केलेल्या टक्करीला इथे 'टार्गेटिंग' म्हणतात आणि खेळाडूला थेट बाहेर काढतात. बूथ म्हणाला टार्गेटिंग, कंट्रोल रूम म्हणाली टार्गेटिंग. तेवढ्यात पॅक-१२ (पूर्वीची पॅक-१०) कॉन्फरन्सच्या मुख्य कायदेशीर सल्लागारांचा फोन आला की त्यांना तसं वाटत नाही. टार्गेटिंग रद्द! वकीलसाहेब घरी टीव्ही बघत होते म्हणे. बूथमधल्या बिचाऱ्यानं अहवालात प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की एका तिसऱ्या व्यक्तीचं मत वेगळं पडलं, म्हणून प्रकरण फुटलं. नाहीतर कोणाला कळलंही नसतं. आपल्याकडे असं कोणी अहवालात लिहीत नाही, एवढ्याबाबतीत आपण पुढे आहोत.

फोन करण्याइतकी तुमची ओळख नसेल तर आंदोलनाचा मार्ग खुला आहे. १९ ऑक्टोबर २०२४, ऑस्टिन. टेक्सासनं जॉर्जियाचा पास हिसकला, पण पंचांनी टेक्सासवर फाउलचा पिवळा रुमाल टाकला. असला फाउल रिप्लेच्या कक्षेत येतच नाही, म्हणजे दाद मागायची सोय नाही. विद्यार्थ्यांनी मैदानात बाटल्या फेकायला सुरुवात केली. बाटल्या वेचण्यात वेळ गेला, तेवढ्या वेळात पंचांनी आपसांत चर्चा केली आणि रुमाल उचलून खिशात घातला. इतका जलद आणि बहुतेकांच्या मते इतका अचूक रिव्ह्यू मी आजवर पाहिलेला नाही. कॉन्फरन्सनं टेक्सासला २,५०,००० डॉलर दंड ठोठावला. सामना तरीही जॉर्जियानंच जिंकला, ३०-१५. तेव्हा बाटली फेकण्यापूर्वी स्कोअरबोर्ड बघून घ्या.

हे सगळं खूळ आलं कुठून, तर ७ डिसेंबर १९६३ च्या आर्मी-नेव्ही सामन्यातून. सीबीएसच्या टोनी व्हर्ना नावाच्या तरुण दिग्दर्शकानं एक टचडाउन लगेच परत दाखवला. लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून समालोचकाला सांगावं लागलं की आर्मीनं पुन्हा गुण केलेले नाहीत, हे मघाचंच आहे. म्हणजे रिप्लेचं पहिलं काम होतं गोंधळ निस्तरणं. ते अजून चालू आहे.

एक शेवटची सावधगिरी. कॉर्नेल विद्यापीठाच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. १६ नोव्हेंबर १९४० ला, मोसमात एकही सामना न हरलेल्या कॉर्नेलनं डार्टमथला शेवटच्या क्षणी टचडाउन करून ७-३ हरवलं. पुढे कॉर्नेलच्याच लोकांनी सामन्याची फिल्म धुऊन बघितली, तर पंचांनी मोजताना चुकून पाचवा प्रयत्न दिला होता. बूथ नाही, कंट्रोल रूम नाही, निर्विवाद पुराव्याची व्याख्यासुद्धा नाही. कॉर्नेलनं सोमवारी तार केली: सामना तुमचा. निकाल ३-० असा डार्टमथच्या नावावर लागला. आणि ५० वर्षांनी, १९९० च्या ऑक्टोबरात, कोलोराडोला मिझुरीविरुद्ध अगदी असाच पाचवा प्रयत्न मिळाला. त्यांनी ३३-३१ हा विजय पदरात बांधला, तार वगैरे काही केली नाही, आणि त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपदात वाटाही मिळवला. आमचा संघ कोलोराडोच्या जागी असता तर मी काय केलं असतं, याचा विचार करायला मला नऊ मिनिटं लागणार नाहीत.

तर आता चपला काढा, टी-शर्ट सरळ करा, आणि येत्या शनिवारी हेडसेट कानाला लागला की टीव्हीसमोर उभं राहून माझ्यामागून म्हणा:

बा देवा म्हाराजा! आज शनवारच्या दिसाक ही तुझी लेकरां सातासमुद्रापार सोफ्यार बसान तुका गाऱ्हाणां घालतत म्हाराजा!

व्हय म्हाराजा!

वर खोलयेत जो कोण टीव्ही बघीत बसलो हा, तेका सगळां नीट दिसांदे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!

आणि नीट दिसान आमचां नुकसान होणार आसात, तर तेचो चष्मो फुटांदे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!