मंदार, उंदराची पाठ वेगळी आणि भावाचा हात वेगळा

मंदार, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण तेव्हाच उत्तर दिलं असतं तर चिडून दिलं असतं, म्हणून आज चहा घेऊन बसलेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, मंदारच्या भावाचा हात प्रेस मशीनमध्ये सापडला, जांघेतल्या कातडीचा फ्लॅप लावला (म्हणजे कातडीचा तुकडा एका बाजूनं, देठानं, जांघेलाच जोडलेला ठेवून हातावर शिवतात) आणि पाचव्या दिवशी टोकाचा दोन बोटं भाग काळा पडला. त्यांचं म्हणणं, नेटवर ढिगानं रिसर्च आहे, पेंटॉक्सिफायलिननं (बारीक वाहिन्यांतून रक्त नीट वाहावं म्हणून देतात ते औषध) फ्लॅप जगला, हेपॅरिननं (रक्त पातळ करणारं) जगला, मग डॉक्टरांनी का नाही दिलं, आणि मी "औषधानं फ्लॅप वाचत नाही" असं लिहून डॉक्टरांची बाजू सावरली.

आधी माझी चूक. ते वाक्य मी फारच ठोकून लिहिलं. नायट्रोग्लिसरीन, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात तेच औषध, त्याचं मलम कॅनडात ब्रेस्टच्या ऑपरेशननंतर कातडीवर लावून बघितलं होतं, 2015 साली ते छापून आलं. 165 बायका होत्या, साधं मलम लावलेल्यांपैकी सुमारे 34 टक्के जणींची कातडी कुठे ना कुठे मेली, औषधवाल्यांत 15 टक्के. हा फरक छोटा नाही, मी तो लिहायला हवा होता.

पण तुम्ही ज्या लिंका दिल्यात त्यातल्या बहुतेक उंदरांवरच्या आहेत हो. 1965 साली मॅकफार्लेन यांनी उंदराच्या पाठीवर लांब पट्टी उचलून पुन्हा शिवायची पद्धत काढली, आजही तशीच पट्टी उचलतात, औषध देतात आणि साधारण सातव्या दिवशी काळा भाग मोजतात. आता उंदराची कातडी सैल, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर, रक्त येण्याची वाट आपल्यापेक्षा वेगळी. त्यात उंदीर तरुण, शुगर नाही, बिडी नाही, मिशरी तर नाहीच नाही. तिथे जे औषध चालतं ते आपल्या माणसात चालेलच असं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

आणि तुमच्या भावाचं टोकच का काळं पडलं? जुन्या चाळीत चौथ्या मजल्यावर पाणी कसं येतं आठवा. जांघेच्या फ्लॅपला एक ठरलेली धमनी असते, ती कमरेच्या हाडाच्या टोकापर्यंत व्यवस्थित रक्त देते, त्याच्या पलीकडची कातडी नुसत्या बारीक जाळ्यावर जगते. हात मोठा सोलवटला असेल तर डॉक्टरांना लांब फ्लॅप घ्यावाच लागतो. रक्तवाहिन्या रुंद करणारं औषध पोटात दिलं तर ते अख्ख्या बिल्डिंगचे नळ उघडतं, बीपी उतरतं, आणि चौथ्या मजल्यावर होतं तेही जातं. हेपॅरिननं फ्लॅपखाली रक्त साठलं तर ती गाठच खालून दाब देते. हेपॅरिन वाईट नाही, पण टोकापर्यंत रक्त पोचतच नसेल तर ते पातळ करून काय होणार.

आणि बऱ्याचदा भानगड पाणी येण्याची नसतेच, मोरी तुंबलेली असते. मी बावीस वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात काढली, एका नाइटला रात्री दोनच्या राउंडला बघते तर असाच जांघेला हात शिवलेला पोरगा झोपेत कुशीवर वळलेला, फ्लॅप जांभळा, बोटानं दाबून सोडला तर रंग टचकन परत आला. नॉर्मलला साधारण दोन सेकंद लागतात, लगेच आला म्हणजे रक्त आत अडकलंय. सुई टोचली तर काळपट रक्त. फ्लॅपचा देठ पिळला गेला होता. त्याला उताणा केला, कोपराखाली चादरीची गुंडाळी कोंबली, हाउसमनला, म्हणजे ड्युटीवरच्या ज्युनियर डॉक्टरला, उठवून घट्ट बसलेले दोन टाके काढायला लावले, आणि अर्ध्या तासात गुलाबी. गोळी एकही नाही. (तशानंही उतरलं नाही तर कधीकधी जळवा लावतात, ऐकून किळस येते पण काम करतात, फक्त त्यांच्यापासून इन्फेक्शन होतं म्हणून अँटिबायोटिक द्यावं लागतं.)

तुम्ही विचारलंय काळा भाग लगेच का कापत नाहीत. कोरडा असेल तर थांबतात, मेलेलं आणि जिवंत यांच्यामधली रेघ स्पष्ट होऊ देतात, नाहीतर जगणारं मांसही कापलं जातं. मग तेवढं काढून मांडीची पातळ कातडी लावतात. पण वास आला, पाणी सुटलं, ताप आला तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

आणि ते "दिवसाला दोनच सिगारेटी ओढतो, त्यावरून सिस्टर उगाच ओरडल्या" असं जे लिहिलंय ना, त्या सिस्टरच्या जागी मी असते तर पाकीट उशीखालून काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं असतं. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. देठ तोडायचं ऑपरेशन तीन आठवड्यांनी असतं ना, म्हणजे अजून दोन आठवडे आहेत. तेवढे दिवस पाकीट तुमच्याकडे ठेवा.