खोकून हार्ट अटॅक थांबत नाही
'एकटे असताना छातीत दुखू लागलं तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल' हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. खोकल्याने ती सुटत नाही. अँजिओग्राफीच्या टेबलावर ठोके अचानक बिघडले, तर मॉनिटरवर नजर ठेवून डॉक्टर शुद्धीवरच्या पेशंटला काही क्षण खोकायला सांगतात, पण ते तिथलंच. अमेरिकन हार्ट असोसिएशनही घरी असं करायला सांगत नाही. छातीवर दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असेल तर लगेच १०८ लावा, दाराची कडी काढून बसून राहा. अ‍ॅसिडिटी समजून थांबण्यातच अनेकांचा मोलाचा वेळ जातो. स्वतः गाडी चालवत तर मुळीच निघू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांनी पाठवला त्यांनाही हे कळवा.