सिलिंडरचा रेग्युलेटर काढू नका: ‘घरच्या जेट इंजिना’च्या फॉरवर्डला उत्तर

‘ट्रकचा जुना टर्बो, दोन फूट जीआय पाइप आणि घरातला सिलिंडर. एका दुपारी जेट इंजिन तयार!’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र.) सोबत निळी ज्योत आणि कानठळ्या बसवणारा आवाज असलेला व्हिडिओ. मजकुरातले दावे थोडक्यात असे: फिरणारा भाग एकच, त्यामुळे बिघडत नाही आणि ऑइलही लागत नाही. कुठलंही इंधन चालतं. गॅस कमी पडला तर रेग्युलेटर काढून सिलिंडर थेट जोडा, बर्फ धरला तर गरम पाण्यात ठेवा. अल्टरनेटर जोडला की अख्ख्या घराला वीज फुकट. जर्मनीत एकाने लाकडाचं इंजिन बनवलं, आपल्या डीआरडीओला तीस वर्षांत जमलं नाही. आणि शेवटी, तेल कंपन्या हे दडपतात म्हणून पुढे पाठवा.

मला हे पाठवलं माझ्या भाच्याने. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘मामा, हे खरं आहे का’ असं त्याने विचारलं असतं तर मी फोनवरच दोन वाक्यांत उत्तर दिलं असतं. पण भंगारातून टर्बो घेऊन झाला होता आणि त्याला माझ्या लेथवर सिलिंडरला बसणारा अ‍ॅडॉप्टर टर्न करून हवा होता. उद्यमनगरात टर्बो उघडणं, कोअर (शाफ्ट, चाकं आणि बेअरिंगचा आतला गाभा) बदलणं आणि बॅलन्स करणं हेच माझं रोजचं काम. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी सिलिंडर, कारण सगळ्यात आधी जीव जाईल तो इथेच.

आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून गॅस बाहेर पडतो तो साधारण ०.०३ बार दाबाने (१ बार म्हणजे जवळपास आपल्या भोवतीच्या हवेएवढा दाब). शेगडीला तेवढा पुरतो. टर्बोच्या इंजिनात कॉम्प्रेसर हवा दाबतो, त्यामुळे ज्वलनकक्षात बाहेरच्यापेक्षा सुमारे १ बार जास्त दाब असतो. तिथे ०.०३ बारचा गॅस शिरूच शकत नाही. म्हणूनच मजकुरात ‘रेग्युलेटर काढा’ असं आहे. लिहिणाऱ्याला ही अडचण माहीत होती, आणि तिच्यावर त्याने हा उपाय सांगितला, याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

रेग्युलेटर काढल्यावर काय उरतं ते बघा. घरगुती सिलिंडरच्या तोंडाशी आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या मधली पिन रेग्युलेटर खाली दाबतो तेव्हा गॅस सुरू होतो, आणि खटका फिरवला की पिन वर येऊन गॅस बंद. त्या जागी तुम्ही लेथवर केलेला तुकडा बसवलात तर तो पिन कायम दाबून धरतो. आता बंद करायला काहीच नाही. आतला दाब आपल्याकडच्या उन्हाळ्यात सहा-आठ बारपर्यंत सहज जातो. तो सगळा तुमच्या रबरी नळीवर आणि क्लिपवर. ती नारिंगी सुरक्षा नळी शेगडीच्या दाबासाठी आहे, या दाबासाठी नाही. नळी सुटली तर गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो, आणि चार फुटांवर लालबुंद इंजिन उभं असतं.

आता ‘बर्फ धरला तर गरम पाण्यात ठेवा’. बर्फ का धरतो? आतला द्रव उकळून त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून ओढतो. शेगडीसाठी तासाला पाव किलोही गॅस लागत नाही, म्हणून घरात हे कधी जाणवत नाही. ट्रकचा मध्यम टर्बो इंजिन म्हणून पूर्ण जोरात चालवला तर माझ्या हिशेबाने तासाला आठ-दहा किलो गॅस खाईल. एवढी वाफ व्हायला सतत हजारभर वॉट उष्णता लागते, ती खोलीतल्या हवेतून मिळत नाही. सिलिंडर गारठतो, दाब पडतो आणि ज्योत विझते. तेव्हा पोरगं बादलीत गरम पाणी ओततं, दाब परत चढतो, आणि न जळलेला गॅस तापलेल्या इंजिनात घुसतो. पुढचं सांगायला नको.

शिवाय घरगुती सिलिंडर स्वयंपाकाखेरीज दुसऱ्या कामाला वापरणं हा २००० सालच्या एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेशाचा भंग आहे. कायद्याचा धाक मी घालत नाहीये. पण अपघातानंतर विम्याचा कागद घेऊन जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच येईल.

दुसरा दावा, ‘फिरणारा भाग एकच, त्यामुळे बिघडत नाही’. भाग एकच, हे खरं. एका शाफ्टवर एका टोकाला हवा दाबणारं चाक म्हणजे इम्पेलर, दुसऱ्या टोकाला गरम वायूने फिरणारं टर्बाइन व्हील. टर्बोला ज्वलनकक्ष जोडला की तत्त्वतः तो गॅस टर्बाइनच होतो, हेही खरं. जगभर हौशी लोक हे करतात, मीही त्यांची कामं आवडीने बघतो. पण तो एक भाग किती वेगाने फिरतो ते मजकुरात कुठेच नाही.

६० मिलिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला एक लाख फेरे घेतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ३१४ मीटर असतो, म्हणजे ताशी ११०० किलोमीटरच्या वर. त्या कडेवरच्या एक ग्रॅम धातूला बाहेर खेचणारा जोर सुमारे ३३५ किलो भरतो. एका ग्रॅमला ३३५ किलो! कडेचा दहा ग्रॅमचा तुकडा तुटून उडाला तर त्याच्यात पिस्तुलाच्या गोळीइतकी ऊर्जा असते. वेग दहा टक्क्यांनी वाढला की हा ताण एकवीस टक्क्यांनी वाढतो, आणि या मजकुरातल्या इंजिनाला वेग मोजायची किंवा रोखायची काहीही सोय नाही. ट्रकवर असताना टर्बोचा वेग इंजिन आणि वेस्टगेट (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) आवरतात. इथे एका नळाच्या कॉकवर सगळं.

टर्बाइनचं बीड हाउसिंग फुटलेलं चाक बऱ्याचदा आत धरून ठेवतं, ते त्यासाठीच जाड केलेलं असतं. एवढं मान्य. पण ते मूळ वेगमर्यादेपुरतं. आणि भंगारातला टर्बो भंगारात का आला, हे कोणी विचारतं का? माझ्या टेबलावर येणाऱ्या जुन्या कोअरमध्ये पात्यांना टवके असतात, शाफ्टला प्ले असतो, म्हणजे तो ढिला हलतो, मुळाशी केसाएवढी चीर असते. ती चीर व्हिडिओत दिसत नाही.

‘ऑइल लागत नाही’ हे तर सरळ खोटं. टर्बोची बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर तरंगतात. दोन-तीन बार दाबाने ऑइल आधी सुरू करायचं, मग शाफ्ट फिरवायचा, आणि इंजिन बंद केल्यावरही शाफ्ट गार होईपर्यंत ते चालू ठेवायचं. नाहीतर ऑइल आत जळून कोळसा होतो. ऑइलशिवाय टर्बो काही सेकंदांत जाम होतो. लाखभर फेऱ्यांवर जाम झालेला शाफ्ट तुटतो, आणि तुटल्यावर टर्बाइनच्या चाकाला रोखणारा इम्पेलरचा भारही उरत नाही. ज्यांच्याकडे अशी इंजिनं खरोखर चालतात त्यांच्याकडे वेगळा इलेक्ट्रिक ऑइल पंप, प्रेशर गेज आणि कूलर हमखास असतो.

आणखी एक ओळ मजकुरात आहे: ‘गॅस पूर्ण सोडा, मग लायटर लावा.’ याच्यावर मी माझं मत देत नाही, जेट इंजिनाच्या जनकाचा अनुभव सांगतो. फ्रँक व्हिटल यांनी १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमध्ये रग्बी इथल्या कारखान्यात आपलं पहिलं इंजिन चालवलं. इंजिनाचा वेग वाढत गेला. त्यांनी इंधन बंद केलं, तरी वेग वाढतच राहिला आणि आजूबाजूचे लोक पळाले. कारण नंतर सापडलं: गळतीमुळे ज्वलनकक्षात आधीच इंधन साचलं होतं, आणि कॉक बंद केल्यावर इंजिन त्या साचलेल्या इंधनावर धावत होतं. ज्या माणसाने हे यंत्र मुळातून उभं केलं, त्याच्या हातून ते सुटलं. पत्र्याच्या शेडमध्ये, तीन मित्र मोबाइल धरून भोवती उभे असताना, अठरा वर्षांच्या पोराच्या हातात ते राहील का? क्रम उलटा असतो. आधी हवेने शाफ्ट फिरवायचा, मग ठिणगी, मग थोडं इंधन, आणि नजर एग्झॉस्टच्या तापमानावर. आणि चाकाच्या फिरण्याच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही.

जीआय पाइपबद्दल दोनच वाक्यं. त्याच्यावरचं जस्त ४२० अंशांना वितळतं, ९०७ ला उकळतं, आणि तो धूर छातीत गेला की ताप भरतो. ज्वलनकक्षाला स्टेनलेस लागतं.

आता फुकट विजेकडे येऊ. दाबाचं गुणोत्तर २ असलेल्या, म्हणजे हवा दुप्पट दाबापर्यंत दाबणाऱ्या टर्बाइनची तत्त्वतः जास्तीत जास्त कार्यक्षमता १८ टक्के निघते, आणि तेही कॉम्प्रेसर-टर्बाइनमध्ये काहीच वाया जात नाही असं धरून. टर्बोचे खरे आकडे घातले की हाती पाच ते आठ टक्के उरतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट ऊर्जा असते. सहा टक्क्यांनी त्यातून अकरा युनिट वीज मिळेल. एका सिलिंडरमागे अकरा युनिट! हिशेब घरीच करा आणि महावितरणच्या बिलाशी ताडून बघा. साधा डिझेल जनरेटर एका लिटरमध्ये तीन युनिट देतो. तेच लिटरभर डिझेल या टर्बोत घातलं तर पाऊण युनिटही मिळणं कठीण.

आणि हे अकरा युनिटसुद्धा वीज काढण्याची सोय असेल तर. शाफ्टचा वेग लाखात, अल्टरनेटर १५०० किंवा ३००० फेऱ्यांचा. मध्ये दुसरं पॉवर टर्बाइन आणि गिअरबॉक्स लागतो. व्हिडिओतलं इंजिन फक्त गरम वारा मागे फेकतं. टर्बाइनवर वीज करणारी छोटी यंत्रं जगात आहेत. अमेरिकेच्या कॅपस्टोन कंपनीचं ३० किलोवॉटचं यंत्र घ्या: ९६,००० फेरे, हवेवर तरंगणारी बेअरिंग, एग्झॉस्टची उष्णता परत वापरणारा रिक्युपरेटर, आणि एवढं करून विजेची कार्यक्षमता २६ टक्के. अख्ख्या कंपनीने वर्षानुवर्षं डोकं लावून जे २६ वर नेलं, ते जीआय पाइपात फुकट होणार नाही.

‘कुठलंही इंधन चालतं’ यात मात्र तथ्य आहे, ते नाकारत नाही. क्रायस्लरने १९६३ पासून सामान्य लोकांना वापरायला दिलेल्या टर्बाइन गाड्या डिझेल, केरोसीन, अगदी मद्यावरही चालल्या. पण त्यात इंधनाचे बारीक तुषार करणारी नॉझल आणि गाळणी नीट होती. जळकं इंजिन ऑइल तसंच ओतलं तर त्यातली राख पात्यांवर बसते.

राहिला जर्मनीचा माणूस. कुर्ट श्रेकलिंग यांनी विमानांच्या मॉडेलसाठी घरी जेट इंजिन बनवलं, त्यातलं कॉम्प्रेसरचं चाक प्लायवुडचं होतं, हे अगदी खरं. लोक पुढचं वाक्य गाळतात. ते प्लायवुड कार्बन फायबरने आवळलेलं होतं, लाकूड फक्त थंड बाजूला होतं, टर्बाइन स्टेनलेसचं होतं, आणि प्रत्येक भागाचा ताण त्यांनी आधी कागदावर काढला होता. त्यांनी आपलं काम आकृत्या-आकड्यांसह खुलं केलं आणि त्यावरून जगभर लोकांनी इंजिनं बनवली. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांचं नाव या मजकुरात बघून चीड आली.

तेच नाव डीआरडीओला हिणवायला वापरायचं, हे तर अजिबात पटत नाही. डीआरडीओच्या कावेरी या लढाऊ विमानाच्या इंजिनाला उशीर झाला, ठरलेला जोर मिळाला नाही, २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं गेलं. हे सगळं उघड आहे आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. पण हौशी मॉडेल इंजिनाचा थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, शंभर-दोनशे न्यूटन, तेजसमधल्या एफ४०४ या अमेरिकन इंजिनाचा ८०,००० न्यूटनच्या वर. घरच्या टर्बोचं दाबाचं गुणोत्तर २, त्याचं पंचविसाच्या आसपास. आजच्या लढाऊ इंजिनात टर्बाइनच्या पात्यांवर येणारा वायू त्या पात्यांच्या धातूच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा गरम असतो, आणि पाती टिकतात ती आतून फिरवलेल्या थंड हवेमुळे. अंगणात उडवलेला पतंग दाखवून विमान कारखान्याला नावं ठेवू नयेत.

तेल कंपन्यांनी काय दडपलं? व्हिटल यांचा पेटंटचा अर्ज १९३० चा, आणि ते पेटंट १९३५ मध्ये पाच पौंड भरायला नाहीत म्हणून सुटलं. तेव्हापासून हे ज्ञान खुलं आहे. अभियांत्रिकीच्या कुठल्याही वाचनालयात मिळतं.

भाच्याला मी ‘करू नको’ असं सांगितलेलं नाही. कोअर माझ्याकडे आण, उघडून पाती बघू, बॅलन्सिंग मशीनवर चढवू. ठीक निघाला तर आधी ऑइलची लाइन, पंप आणि गेज. मग इंधनाशिवाय, नुसत्या कॉम्प्रेसरच्या हवेवर टॅकोमीटर लावून फिरवू. इंधनाची गोष्ट त्यानंतर, ती केरोसीनची, आणि वस्तीपासून दूर. अ‍ॅडॉप्टर मात्र माझ्या लेथवर होणार नाही, आणि माझ्या ओळखीतल्या दुसऱ्या कुणाच्या लेथवरही होऊ देणार नाही.

ज्यांनी तो आधीच बसवला असेल त्यांच्यासाठी: ठिणगी लावू नका, घरातलं विजेचं बटण चालू-बंद करू नका, दारं-खिडक्या उघडा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर या. मग बाहेरून १९०६ ला फोन करा. गॅसगळतीसाठीचा तो आपत्कालीन क्रमांक आहे, चोवीस तास चालू असतो.