बायोडेटात इन्सुलिन लिहा

परवा रात्री मावसबहिणीचा फोन आला. तिच्यासाठी स्थळं बघताहेत. बायोडेटा तयार आहे. उंची, शिक्षण, पगार, रास-नक्षत्र, सगळं आलंय. अकराव्या वर्षापासून ती इन्सुलिन घेते, तेवढं नाही आलं. "ताई, आई म्हणते आत्ता बोलू नकोस. लग्न होऊ दे, मग बघू."

ते 'मग बघू' ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. म्हणून आज सगळं लिहिते.

मला टाइप १ डायबेटिस, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवत नाही तो प्रकार, तेराव्या वर्षी झाला. लग्नाच्या वेळी नवऱ्याला सांगितलं होतं, सासरी बाकी कुणालाच नाही. इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात, क्रीमच्या रिकाम्या खोक्यात. ग्लुकोमीटर कपाटात साड्यांच्या खाली. जेवणाआधी बाथरूमची कडी लावायची, नळ सोडायचा आणि पोटात सुई टोचायची. घरात पाहुणे असले, पानं वाढली गेली, मधूनच उठता आलं नाही, की तो डोस राहिला. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी तेव्हा ९.४ होतं. तशातच दिवस गेले. मला कळलं तेव्हा सातवा आठवडा सुरू होता. नवव्या आठवड्यात सगळं संपलं.

गर्भपात डायबेटिस नसलेल्या बायकांचाही होतो. माझा साखरेमुळेच झाला असं कुणी ठामपणे सांगू शकत नाही. पण नंतर डॉक्टरांनी कागदावर रेघ मारून आठवडे दाखवले, ती रेघ मी विसरलेली नाही. बाळाचं हृदय, मणका, मेंदू यांची पायाभरणी पहिल्या आठ आठवड्यांत होऊन जाते. पाळी चुकून, चाचणी करून, घरात गोड बातमी सांगेपर्यंत यातले बरेच दिवस उलटून गेलेले असतात. आईची साखर चढलेली असली तर नेमक्या त्याच दिवसांत बाळात दोष राहण्याचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. तिसऱ्या महिन्यात कितीही कडक पथ्य केलं तरी ते आठवडे परत येत नाहीत.

दुसऱ्या वेळी आम्ही सात महिने तयारी केली. त्याआधी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या रडल्या, रागावल्या, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधला एक कप्पा रिकामा करून म्हणाल्या, "तुझं औषध इथे ठेव." एचबीए१सी ६.५ च्या खाली येईपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासला, लघवीतली प्रथिनं, थायरॉइड बघितलं. फॉलिक अ‍ॅसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी आधीपासूनच सुरू केली. बीपीची गोळी बदलली, कारण बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, कोलेस्टेरॉलच्याही बहुधा बंद करतात. टाइप २ (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तो प्रकार) असलेल्या आणि गोळ्यांवर असलेल्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठीही आहे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण दिवस राहण्याआधी प्रिस्क्रिप्शन डॉक्टरांपुढे ठेवा.

दिवस राहिल्यावर सोपं होतं असं नाही. सुरुवातीला साखर झपकन खाली यायची. एकदा पहाटे तीनला घामाने गाऊन ओला, मीटरवर ४८. नवऱ्याने साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं. पाचव्या महिन्यानंतर उलटं सुरू झालं. वारेतून (प्लासेंटातून) निघणाऱ्या संप्रेरकांमुळे आईचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे दिवसाला ३४ युनिटवर असलेली मी नवव्या महिन्यात ८० वर पोचले. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत, हे दोन आकडे घरातच राहायला आलेल्या माणसांसारखे झाले होते. वहीत मी सगळं लिहायचे. पोह्यांनी १८६. अर्धी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि काकडी, १२८. डोहाळजेवणाला पेढा पुढे आला तेव्हा सासूबाईंनीच पेढा देणारा हात मागे सारला.

"एवढ्या सुया, बाळाला बाधतील" असं सांगणाऱ्या खूप भेटल्या. इन्सुलिन वारेतून बाळापर्यंत जवळजवळ जात नाही. जाते ती साखर. ती जास्त गेली की बाळाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवतं, बाळ अंगाने फार मोठं होतं आणि नाळ कापल्यावर त्याची साखर एकदम घसरू शकते. माझ्या लेकीच्या टाचेला जन्मल्यावर काही वेळातच टोचलं होतं. पहिल्या तासातच तिला अंगावर घेतलं, साखर टिकली. आणि माझं इन्सुलिन त्याच रात्री निम्म्याहून खाली आलं.

ज्यांना डायबेटिस नाही त्यांनीही पहिल्याच तपासणीला साखर बघून घ्या, आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं की उपचार सुरू. उपाशी राहावं लागत नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही सोपी पद्धत रुजवली आणि सरकारी कार्यक्रमातही तीच आहे. गरोदरपणात निघालेली साखर बाळंतपणानंतर बहुतेकींची उतरते, म्हणून सहा आठवड्यांची तपासणी राहून जाते. ती चुकवू नका. पुढे टाइप २ होण्याचा धोका याच बायकांना जास्त असतो.

पण माझं खरं भांडण त्या बायोडेटाशी आहे. जी मुलगी सासरी सुई लपवते, ती साखर आटोक्यात ठेवणार कशी? जेवणाच्या वेळा कुणाला सांगणार, डॉक्टरकडे कोणतं कारण काढून जाणार, "दोन वर्षं झाली, अजून काही नाही?" असं विचारणाऱ्यांना "सध्या एचबीए१सी खाली आणतेय" हे कोणत्या तोंडाने सांगणार? मावशी, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. तुझी भीती मला कळते. एखादं स्थळ परत जाईल, जाऊ दे.

काल बहिणीने नवा बायोडेटा पाठवला. छंदांच्या खाली एक ओळ वाढली आहे. रविवारी मुलाकडची मंडळी येताहेत, मीही जाणार आहे.