जीन्स बंद करणारा कारल्याचा रस

ठाण्यात मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज आला: ‘कॅन्सर जीन्समुळे होतो आणि जीन्स बंद करता येतात. 21 दिवस उपाशीपोटी कारल्याचा रस आणि हळद घ्या. स्टीव्ह जॉब्सला हे माहीत असते तर तो वाचला असता. केमो, कॅप्सूल सगळं विष.’ काकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, केमो खारघरला चालू आहे. मावशीने त्यांच्या पचनासाठीच्या एन्झाइमच्या कॅप्सूल बंद केल्या, म्हणून लिहितोय. एरवी असल्या मेसेजला मी हातही लावत नाही.

जीन्स, म्हणजे जनुकं, बंद करा म्हणे. कुठली? स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये 90 टक्क्यांहून जास्त रुग्णांत केरास या जनुकात बदल झालेला असतो आणि पेशीला वाढीचा हुकूम सतत मिळत राहतो. हुकूम आवरायला पी16, पी53 असे ब्रेक असतात. गाठ वाढते ती हे ब्रेक निकामी करूनच. पी16 चं जनुक कधी गळूनच जातं, कधी त्यावर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचे शिक्के बसतात आणि पेशी ते वाचेनाशी होते. गाटा6 हे जनुक मंदावलं की गाठ सहसा जास्त आक्रमक होते, केमोलाही कमी दाद देते. म्हणजे जीन्स बंद करणं हा कॅन्सरचाच धंदा, आणि हे महाशय त्यालाच मदत करायला निघालेत!

जनुकं चालू-बंद होतात हे खरं, मान्य. हळदीतल्या कर्क्युमिनचा प्रयोगशाळेतल्या पेशींवर परिणाम दिसलाय, तेही मान्य. पण पोटातून ते रक्तात अगदीच थोडं उतरतं.

21 दिवसांचं काय? 2010 साली ‘नेचर’मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मृत रुग्णांच्या गाठींमधल्या बदलांवरून हिशेब मांडला. पहिल्या बदलापासून कॅन्सरची मूळ पेशी तयार व्हायलाच किमान 10 वर्षं, पसरण्याची ताकद यायला आणखी किमान 5. हे तीन आठवड्यांत उलटवणार, तेही कारल्याने.

जॉब्सचा कॅन्सर स्वादुपिंडाचाच, पण वेगळ्या प्रकारचा होता, आणि त्याने आहाराच्या नादात ऑपरेशन सुमारे 9 महिने लांबवलं होतं. उदाहरण निवडताना एवढं तरी बघायचं.

आता कॅप्सूल. स्वादुपिंडाचा पाचकरस कमी पडला की तूप-तेल पचत नाही, वजन उतरतं आणि केमो झेपत नाही. त्या कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायच्या असतात. शिवाय काकांना इन्सुलिन चालू आहे, वर उपाशीपोटी कारल्याचा रस दिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. मावशी, रस आधी बंद कर, आणि कॅप्सूल आजच्या जेवणापासून परत सुरू.