७/१२ म्हणजे बारा जुलै

आमच्या ऑफिसात नेट येते फक्त खिडकीजवळच्या खुर्चीपाशी, अन् ती खुर्ची अकाउंटंट काकांची, त्यामुळं मेल माझ्या नावानं आला तरी पहिले काका वाचतात अन् मग मले बातमी सांगतात. त्या दिवशी मी वावरातून आलो, बुटाचा गारा अजून निघाला नव्हता, तर काका म्हणे, भाऊ पेढे आणा, पीएफ आला. आता आमच्या संस्थेत पीएफ कापतच नाही तर येईल कुठून? पाहतो तर हेड ऑफिसचा मेल अन् पहिलाच शब्द, पीएफए. काकांनी पीएफ वाचला अन् ए म्हणजे आला असं धरून चालले.

पीएफए म्हणजे प्लीज फाइंड अटॅच्ड. सोबत जोडलंय ते पाहा. सोबत काहीच जोडलेलं नव्हतं हा भाग वेगळा. अर्ध्या घंट्यानं दुसरा मेल आला, सॉरी, पीएफए नाऊ. त्याच्यातही नव्हतं. तिसऱ्यात आलं.

मी घाटंजी तालुक्यात कापूसवाल्या शेतकरी कंपन्यांसोबत काम करतो. हेड ऑफिस बेंगळुरूला, पैसे देणारे अमेरिकेत. म्हणजे कापूस आमचा अन् मेल त्यांचे. शेतकरी कंपनीले आम्ही स्वतः सर्रास एफपीओ म्हणतो हे खरं हाये, मी काही धुतल्या तांदळाचा नाही, ते पुढं येतेच.

तर या मेलमधला माझा जुना दुश्मन म्हणजे ईओडी. एंड ऑफ डे. दिवस संपायच्या आत पाठवा. आता दिवस संपतो कधी? आमच्याकडं ढोरं घरी आली की संपला. बेंगळुरूत तो रात्री अकरापर्यंत चालूच असतो, अन् अमेरिकेतल्या लोकांचा तर आमच्या संध्याकाळी उगवते. त्यात आमच्या फीडरले एक आठवडा थ्री फेज लाईन दिवसा अन् एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा असला की मी दोन वाजता हरभऱ्याले पाणी देऊन राहिलेला असतो, खिशात फोन वाजतो, जेंटल रिमाइंडर, ईओडी वॉज यस्टरडे. जेंटल म्हणे. चिखलात उभ्या माणसाले रात्री दोन वाजता आलेलं काहीच जेंटल नसते.

बाकी डू द नीडफुल, काइंडली रिव्हर्ट वगैरेचा मले त्रास नाही. डू द नीडफुल म्हणजे आपलं योग्य ती कार्यवाही करावी, अन् त्याचा अर्थ पंचायत समितीत चपराशापासून साहेबापर्यंत सगळ्यांले माहीत हाये की कोणी काही करायचं नाही, फक्त कागद पुढं ढकलायचा.

आमच्या बाबांनी आयुष्यभर गावचं पोस्ट सांभाळलं. त्यांच्यापुढं एक दिवस मी रडगाणं गायलो, की बाबा हे लोक अख्खा शब्द काऊन लिहीत नाही. बाबा म्हणे, तारेत शब्दाले पैसे लागे, म्हणून माणूस काटे. गेला म्हणायचा तर गेला, एवढंच. तार बंद झाली २०१३ च्या जुलैत, आता या लोकांले कंपनी फुकट टायपू देते तर मंग वाचवतात कोनासाठी? मले एकदम पटलं. पण मग मी त्यांच्या ट्रंकेतलं एक जुनं कार्ड काढून दाखवलं, त्याच्यावर ती., शि. सा. न. वि. वि., मु. पो., क. लो. अ., अर्ध्या कार्डावर नुसती टिंबं. बाबा म्हणे, त्याले रीत म्हणतात. अन् खाली ता. क. त्या ताज्या कलमातच खरं काम असे, की दोनशे रुपये पाठवा. वरचं सगळं पत्र त्या दोनशेसाठी.

सीसीचं पण त्यांनीच सांगितलं. कार्बन कॉपी. टाइपरायटरमध्ये कार्बन टाकून तीन प्रती काढायच्या, तिसरी इतकी फिकी येई की साहेब नुसती सही पाहून फायलीत लावे. मेलमध्ये सीसीत असलेली माणसं आजही तेवढंच वाचतात.

आता मुद्द्यावर येतो, कारण इथपर्यंत चूक त्यांची होती. पुढं माझीही हाये.

एक दिवस बेंगळुरूच्या मॅडमचा मेल आला, वेबसाइटवर टाकायचंय, शेतकऱ्यांचे एफएक्यू पाठवा. मी खूश. म्हटलं चला, या बाईले शेवटी कापूस समजायला लागला. कारण आमच्याकडं एफएक्यू म्हणजे फेअर ॲव्हरेज क्वालिटी, हमीभावानं माल घ्यायचा तर तो एफएक्यू पाहिजे, अन् कापसात तर सगळा खेळ ओलाव्याचा, आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कापून, बाराच्या वर गाडी परत. मी दोन दिवस मीटर घेऊन घरोघरी कापसाच्या गंजीत हात घातले अन् चाळीस जणांचे आकडे मेलवर टाकले. नऊ, अकरा, दहा, एक साडेचौदा, त्याच्यापुढं लिहिलं, नॉट एफएक्यू, ही स्प्रिंकल्स वॉटर. मॅडमचं उत्तर आलं, तीन प्रश्नचिन्हं. त्यांना पाहिजे होते शेतकऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न. तो साडेचौदावाला मात्र अजून मले रस्त्यात दिसला की तोंड फिरवते, कारण काकांनी तो मेल त्याले वाचून दाखवला.

अन् मग नोव्हेंबरात, वेचणी जोरात असताना, आली ती सातबाऱ्याची गोष्ट.

चाळीस शेतकऱ्यांच्या कागदपत्रांचं स्टेटस पाहिजे होतं, एएसएपी, म्हणजे होईल तेवढ्या लवकर. सतरा जणांचं झालं होतं. सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघते, त्याचा त्रास नाही, पण उरलेल्या तेवीस जणांचा जो निघाला तो आज्याच्या नावानं, अन् आजे जाऊन कोणाले दहा वर्षं झाली, कोणाले वीस. वारसांचा फेरफार व्हायचा होता. फेरफाराले इंग्रजीत म्युटेशन म्हणतात, महसूल खात्याचाच शब्द हाये, मी काही पदरचा टाकला नाही. मी आपला कामात, एका हातानं फोनवर टाइप केलं, ७/१२ पेंडिंग फॉर २३ फार्मर्स, म्युटेशन नॉट डन, ८ए ऑल्सो. अन् सगळ्यांले सीसी.

दुसऱ्या दिवशी तीन उत्तरं. मॅडम म्हणे, सात डिसेंबरपर्यंत काऊन थांबायचं, क्लायंटले या शुक्रवारी ईओडीपर्यंत पाहिजे, अन् हो, उद्या ८ए चालेल मला, कनेक्ट होऊ. अमेरिकेतल्या साहेबांनी लिहिलं की बारा जुलै तर केव्हाच होऊन गेली, मग अजून पेंडिंग कसं, कारण तिकडं महिना आधी लिहितात अन् तारीख नंतर. अन् तिसरा मेल एका टेक्निकल सरांचा, त्यांचं नाव मी तोवर कधी ऐकलं नव्हतं, की म्युटेशन नेमकं कोणत्या बीटी वाणात दिसून राहिलं, पऱ्हाटीचे फोटो पाठवा. वरून एका बियाणेतज्ज्ञाले सीसी.

एका ओळीत मी दोन तारखा, एक मीटिंग अन् एक जैविक संकट उभं केलं होतं. हे तर कोणत्या मॅडमलेही जमलं नसतं.

सकाळी आठ वाजता कॉल. गावात व्हिडिओ चालेल एवढी रेंज पाण्याच्या टाकीच्या अर्ध्या शिडीवरच येते, तिथं एका हातानं लोखंड धरून अन् एका हातानं फोन धरून मी अकरा लोकांसमोर उभा. खालून वेचणीच्या बाया ऑटोत बसता बसता वर पाहून हसून राहिल्या. कोणीतरी म्हणे, समवन्स रूस्टर, प्लीज म्यूट. मी म्हटलं, सर, तो सरपंचाचा हाये.

मग मी समजावलं. गाव नमुने हायेत, एक ते एकवीस. त्यातला सातवा वावर कोणाचं ते सांगते, बारावा त्याच्यात पेरलं काय ते सांगते, दोन्ही एकाच कागदावर, म्हणून सातबारा. आठ-अ म्हणजे खातेउतारा, एका माणसाचं गावातलं सगळं वावर एका जागी. म्युटेशन म्हणजे आज्याचं नाव जाऊन नातवाचं लागणं. पऱ्हाटी ठणठणीत हाये.

बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग मॅडम म्हणे, सो इट्स नॉट अ डेट.

नो मॅडम.

अँड ८ए?

कागदच हाये मॅडम.

देन व्हाय आर वी ऑल हिअर ॲट एट?

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तेवढ्यात एक सर म्हणे, ओके, लेट्स टेक धिस ऑफलाइन. आमच्याकडं ऑफलाइन व्हायचं म्हणजे टाकीवरून उतरायचं, म्हणून मी उतरलो अन् चहा प्यायला गेलो. नंतर कळलं की ते पंधरा मिनिटं मले आवाज देऊन राहिले होते.

दुपारी मॅडमनं एमओएम पाठवला, म्हणजे मीटिंगचं इतिवृत्त, तीन रकान्यांचा सुंदर तक्ता. ॲक्शन आयटम: ७/१२, ट्वेंटी थ्री फार्मर्स. ओनर: तलाठी. ईटीए: टीबीडी. त्यांच्या भाषेत ओनर म्हणजे ज्याच्या अंगावर काम टाकलं तो, ईटीए म्हणजे काम कधी होईल ते, अन् टीबीडी म्हणजे टू बी डिसाइडेड, अजून ठरायचंय. वर लिहिलं होतं, प्लीज सर्क्युलेट टू ऑल. मी वावरात होतो. काकांनी मेल वाचला, प्रिंट काढली अन् सर्क्युलेट म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून दिली.

संध्याकाळी आलो तर ऑफिसच्या दारात वीस-बावीस माणसं. सगळ्यात पुढं एक बुढा, हातात ती प्रिंट, बाजूले कॉलेजात जाणारा नातू, त्यानंच आज्याले वाचून दाखवलं होतं. बुढ्यानं कागद माझ्या नाकासमोर धरला. म्हणे, माह्या बापाचं वावर तलाठ्याच्या नावानं कोनं चढवलं बे?

मी म्हटलं बाबाजी, ऐका तर खरं, तो ओनर तसा नसते.

म्हणे, तलाठ्याचं आम्ही पाहून घेतो. तू हे सांग, हा टीबीडी कोन्या गावचा?