लेन्स आणायची तर जपानहून, आणि तीही वापरलेली

परदेशी जायचं ठरलं की आपल्या फोटोवाल्या मंडळींना आधी लेन्स आठवते. दुबईला चाललोय, सिंगापूरला चाललोय, बहीण न्यू जर्सीत आहे, मग तिकडून एखादी स्वस्तात आणूया का? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सविस्तर लिहिते. माझं मत ठाम आहे. नव्याकोऱ्या लेन्ससाठी परदेशवारीचा खटाटोप करू नका. वापरलेली लेन्स चालणार असेल आणि तुम्ही जपानला जाणार असाल, तर मात्र तिथला एक अख्खा दिवस दुकानांसाठी राखून ठेवा.

आधी नव्या लेन्सचा हिशेब. आपल्याकडे लेन्सवर १८ टक्के जीएसटी आहे. दुबईत व्हॅट ५ टक्के, थायलंडमध्ये ७, सिंगापूरमध्ये ९, आणि तोही पर्यटकाला विमानतळावर बराचसा परत मिळतो. हाँगकाँगमध्ये तर विक्रीकरच नाही. कागदावर हे आकडे फार मोहात पाडतात. पण क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास शुल्क लावतात आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे साठ हजारांच्या खरेदीला अडीच हजार तिथेच गेले. शिवाय अनेक कंपन्यांची हमी त्या-त्या देशापुरतीच असते. लेन्सची मोटर सहा महिन्यांत बिघडली तर इथलं सर्व्हिस सेंटर तुमच्याकडे भारतातलं बिल मागणार. आणि दिवाळीत आपल्याकडे जे कॅशबॅक आणि बिनव्याजी हप्ते मिळतात, ते दुबईच्या मॉलमध्ये मिळत नाहीत. एवढी सगळी बेरीज-वजाबाकी केल्यावर हातात जे उरतं, त्यासाठी मी हमीवर पाणी सोडणार नाही.

अमेरिकेचं तर विचारूच नका. तिथे विक्रीकर राज्य आणि शहर लावतं, न्यूयॉर्क शहरात तो ८.८७५ टक्के आहे, न्यू जर्सीत ६.६२५. परदेशी पाहुण्याला तो परत देणारी देशव्यापी सोय नाही. शिवाय लेबलवरच्या किमतीत तो धरलेला नसतो, काउंटरवर वर चढतो.

आता जपान. जपानमध्ये मला जी स्वस्ताई दिसते, तिचं मूळ करात कमी आणि माणसांच्या सवयीत जास्त आहे. निकॉन, कॅनन, सोनी, फुजीफिल्म, पेंटॅक्स, सिग्मा, टॅमरॉन, सगळं तिथलंच. हौशी फोटोग्राफर अफाट संख्येने, आणि नवी लेन्स घेताना जुनी दुकानातच देऊन टाकण्याची पद्धत रुळलेली. त्यात २०१८ साली कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड ही मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठीची माउंट (लेन्स बसवायची खाच) आणली आणि तेव्हापासून डीएसएलआर, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांच्या उत्तमोत्तम लेन्स कपाटांतून बाहेर पडून दुकानांच्या काचेआड येऊन बसल्या. काच तीच आहे, चित्र तेच देते. फक्त तिची फॅशन गेली.

टोकियोत शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेला मॅप कॅमेरा, पूर्वेला किटामुराचं मोठं दुकान. चुओ रॅपिड ही गाडी पकडली की पुढचंच स्टेशन नाकानो, तिथे फुजिया कॅमेरा. या तीन ठिकाणी नीट फिरायचं तर दिवस पुरत नाही. ओसाकात असाल तर उमेदाजवळच्या एकिमाए इमारतींमध्येही जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत.

या दुकानांत मला सगळ्यात आवडते ती चिठ्ठी. प्रत्येक वापरलेल्या लेन्ससोबत तिचा दर्जा लिहिलेला असतो. जवळजवळ नवी, मग 'बिहिन' म्हणजे देखणी, मग 'र्योहिन' म्हणजे चांगली, त्याखाली साधारण. काही दुकानं ए, एबी, बी अशी अक्षरं वापरतात. त्याखाली दोष लिहिलेले असतात: बाहेरच्या नळीवर ओरखडा, आत थोडी धूळ, पुढच्या काचेवर बारीक चरा. जपानी वाचता येत नसलं तरी फोनवरचं भाषांतर पुरतं. 'काबि' म्हणजे बुरशी आणि 'कुमोरि' म्हणजे काच धुरकट होणं, हे दोन शब्द तेवढे पाठ करून जा. ते चिठ्ठीवर दिसले तर लेन्स खाली ठेवा, मग किंमत कितीही मोहाची असो. आपल्या मुंबईच्या नि कोकणच्या पावसाळ्यात ती बुरशी जोमाने वाढणार. 'जंक' लिहिलेल्या टोपल्यांतला माल बिनहमीचा, दुरुस्ती येत असेल त्यानेच त्यात हात घालावा.

आपल्याकडे फोर्टच्या बोरा बाजारात जुनी लेन्स घेताना सगळी भिस्त तुमच्या नजरेवर आणि दुकानदाराच्या ओळखीवर असते. तिथली माणसं जाणकार आहेत, त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले. पण दोष विकणाऱ्याने स्वतःहून लिहून द्यायचा, ही शिस्त आपल्या बाजारात रुजली तर किती नव्या मुलांचे पैसे वाचतील! जपानमधल्या मोठ्या दुकानांत तर वापरलेल्या वस्तूवर काही महिन्यांची हमीसुद्धा मिळते. तिचा आपल्याला इथे फारसा उपयोग नाही, पण हमी द्यायची म्हणून त्यांनी ती लेन्स आधी नीट तपासलेली असते, आणि तो उपयोग मोठा आहे.

तरीही स्वतः तपासाच. आपली कॅमेरा बॉडी आणि रिकामं कार्ड बरोबर न्या, दुकानात विचारलं की लावून बघू देतात. फोनचा टॉर्च मागच्या काचेतून आत मारा आणि तिरकं बघा, कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या, पात्यांवर तेल आलंय का, झूम फिरवताना कुठे अडतंय का, हे पाहा. मग ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून समोरच्या फळीचा सपाट फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. तीन कोपरे खणखणीत आणि एकच पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे. ती लेन्स कधी पडलेली असू शकते, आणि बाहेरून हे अजिबात कळत नाही.

माउंटच्या बाबतीत फार सांभाळा. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स तिथे ढिगाने आणि स्वस्त दिसतील, पण त्यांना फोकस करणारी स्वतःची मोटर नसते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीवर त्या ऑटोफोकस करत नाहीत, आणि निकॉनच्याच एफटीझेड ॲडॉप्टरने (जुनी लेन्स नव्या माउंटवर बसवणारा जोड) झेड बॉडीवर लावल्या तरी नाही. कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या ईएफ लेन्स मात्र ॲडॉप्टरवर मिररलेस आर बॉडीला छान चालतात. आणि मोहात पडून बॉडी घेऊ नका. जपानच्या बाजारासाठीच्या बहुतेक सोनी बॉडींचा मेनू फक्त जपानीत असतो. लेन्सला मेनू नसतो, म्हणून ती निर्धास्त घ्यावी.

कराचं थोडक्यात. जपानमध्ये १० टक्के उपभोग कर आहे आणि लेबलवर तो धरलेली किंमतही असते. करमुक्त विक्रीची परवानगी असलेल्या दुकानात एका दिवसात ५,००० येनच्या वर खरेदी केली आणि मूळ पासपोर्ट दाखवला की तो माफ होतो. १,१०,००० येनची लेन्स १,००,००० ला. आतापर्यंत ही सूट काउंटरवरच मिळत आली आहे. १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र आधी पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना परतावा घ्यायचा, अशी पद्धत येते आहे. त्यामुळे परतीच्या दिवशी विमानतळावर वेळ हाताशी ठेवा. कार्ड मशीनने 'येन की रुपये' असं विचारलं तर येनच निवडा. रुपये निवडलेत की दर मशीनवाले ठरवणार, आणि तो तुमच्या सोयीचा नसणार.

आता ज्या गोष्टीवर माझे मित्रांशी वाद होतात ती. "खोका फेकून दे, कॅमेऱ्याला लावून गळ्यात घाल, कोण विचारतंय?" हा सल्ला हमखास मिळतो. मला तो मुळीच पटत नाही. परत येणाऱ्या भारतीय रहिवाशाला सामानावर २०१६ पासून ५०,००० रुपयांची सूट होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती ७५,००० झाली. येन साठ पैशांच्या आसपास धरला तर वरची १,००,००० येनची लेन्स ६०,००० रुपयांची होते. बाकी खरेदी आटोक्यात असेल तर ती सुटीत बसते, लपवायचं कारणच काय? महाग लेन्स घेतलीत तर सुटीच्या वरच्या रकमेवर शुल्क भरा. ते अधिभार धरून बरीच वर्षं ३८.५ टक्के पडत आलं आहे, म्हणजे १,१०,००० रुपयांच्या लेन्सवर ७५,००० च्या सुटीनंतर साडेतेरा हजारांच्या आत. हा आकडा दुकानातच किमतीत मिळवा. तरीही परवडते आहे असं वाटलं तर घ्या, नाहीतर सोडा. नवरा-बायकोची सूट एकत्र करून एका लेन्सला लावता येत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. आणि इथून जाताना स्वतःची महागडी लेन्स नेत असाल तर विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना तीच लेन्स नवी समजून कोणी अडवणार नाही.

याच कारणाने मी दुसऱ्यासाठी लेन्स आणत नाही, सख्ख्या भावासाठीसुद्धा. सूट प्रवाशाच्या स्वतःच्या सामानासाठी आहे. आणि वापरलेली लेन्स ही ज्याने त्याने आपल्या बॉडीवर लावून, आपल्या डोळ्यांनी पारखून घ्यायची वस्तू आहे.

शेवटी, भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी किंवा घराजवळच्या खंड्यासाठी पहिली लांब लेन्स शोधणाऱ्यांना खास सांगते. कॅननची ४०० एमएम एफ/५.६ ही १९९३ सालची लेन्स. तिला स्थिरीकरण नाही, म्हणजे हाताची थरथर ती सावरत नाही, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडात हात भरवशाचा हवा. पण वजन सव्वा किलोच्या आसपास, ऑटोफोकस चपळ, आणि उडत्या पक्ष्यामागे ती इतकी सहज फिरते की दिवसभर हातात धरली तरी खांदा बोलत नाही. निकॉनवाल्यांनी ३०० एमएम एफ/४ पीएफ बघावी, ती तर पाऊण किलोच आहे, स्थिरीकरणासकट. नाकानोत या दोन्ही दिसल्या तर चिठ्ठी वाचा, टॉर्च मारा, कोपरे तपासा. तिन्ही ठीक निघाले तर दुसऱ्या दुकानात बघून येते म्हणून ती ठेवून जाऊ नका.